खुराड्याचं दार कुणाच्या वेळेनं लागतं?

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा आमच्या खेड तालुक्यात एकच प्रश्न होता: घाटात पुन्हा बारी लागणार की नाही? डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि गाडे पुन्हा पळू लागले. वाद मिटला तसा तो जुना निकालही विस्मरणात गेला. पण त्या निकालात बैलांच्या पलीकडे जाणारी एक यादी आहे. ती मला अधूनमधून आठवत राहते, आणि आठवते ती कोंबड्यांमुळे.

यादी पाच स्वातंत्र्यांची आहे. भूक आणि तहान यांपासून मुक्तता. भीती आणि तणावापासून मुक्तता. शारीरिक गैरसोयीपासून मुक्तता. वेदना, इजा आणि आजार यांपासून मुक्तता. आणि पाचवं, आपल्या जातीला साजेसं नैसर्गिक वागण्याचं स्वातंत्र्य. ही यादी मूळची ब्रिटनमधली. १९६५च्या ब्रँबेल समितीच्या अहवालात तिचं बीज होतं. १९७९मध्ये तिथल्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलनं तिला पाच कलमांचं रूप दिलं. आपल्या न्यायालयानं ती प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या अर्थात सामावून घेतली.

वाचायला यादी निर्दोष वाटते. पण आमच्या घरामागे सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांना ही यादी लावायला गेलं की दुसरं आणि पाचवं कलम एकमेकांच्या अंगावर येतात. कोंबडीला भीतीपासून पूर्ण मुक्त करायचं तर तिला कोंडावं लागतं. तिला कोंबडीसारखं वागू द्यायचं तर दार उघडावं लागतं, आणि उघड्या दारातून घारही दिसते.

चाकण एमआयडीसीच्या कडेनं ज्यांची घरं आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. एका बाजूला कंपनीची उंच भिंत, भिंतीला लागून गवत माजलेली पट्टी, पलीकडे ओढा, मग कुणाचं तरी कांद्याचं रान, आणि त्यापुढे पुन्हा कंपनी. माणसाच्या नजरेला ही जागा ‘डेव्हलप’ झालेली दिसते. मुंगसासाठी ती उत्तम आहे. भिंतीच्या पायाशी बिळाला जागा, गवतात आडोसा, उष्ट्या-खरकट्यावर वाढलेले उंदीर. दिवसा मुंगूस, घार आणि शिक्रा. कुठल्याही वेळी भटकी कुत्री आणि बोके. रात्री उदमांजर, घूस आणि साप. बिबट्याही इथे परका नाही. मार्च २०२२मध्ये तो चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात शिरला होता आणि त्याला पकडेपर्यंत काम थांबलं होतं. शहर आलं की जंगली प्राणी निघून जातात हा आपला समज आहे. त्यातले बरेचसे राहतात, फक्त पत्ता बदलतात.

अशा जागी कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात का? प्रश्न घरगुती आहे, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे: कुणाला सुरक्षित ठेवायचं असेल, तर त्या सुरक्षेची किंमत कुणी भरायची?

आधी मोकळेपणाची किंमत समजून घेऊ. कोंबडीला मोकळं सोडणं म्हणजे तिला फिरायला नेणं नव्हे. सकाळी दार उघडलं की ती थेट उकिरड्यावर जाते. पायानं उकरते, एक पाऊल मागे सरते, वाकडी मान करून बघते, टिपते. दुपारी कोरड्या मातीत खळगा करून धुळीनं अंघोळ करते. खुडूक झाली की घरातली सगळ्यात अडचणीची जागा शोधून बसते. यातलं काहीही तिला कुणी शिकवलेलं नाही. आमच्याच तालुक्यात, भीमाशंकरच्या रानात, राखी रानकोंबडा आजही हेच करतो. आणि हा रानकोंबडा आपल्या कोंबड्यांचा नुसता लांबचा नातेवाईक नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं आहे, हे २००८मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे सोललेल्या कोंबडीच्या पिवळसर रंगात दक्षिण आणि पश्चिम भारतातल्या रानाची खूण आहे.

त्याच वारशातून तिला भीतीही मिळाली आहे, आणि ती भीती बिनडोक नाही. १९९३मध्ये ख्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी कोंबड्यांच्या इशाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आकाशातल्या शिकाऱ्यासाठी कोंबडा एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी दुसरा. नुसता आवाज ऐकवला, शिकारी दाखवलाच नाही, तरी कोंबड्या योग्य तेच करतात. पहिल्या आवाजाला आडोशाकडे पळतात, दबून बसतात, वर बघतात. दुसऱ्याला मान ताठ करून उभ्या राहतात आणि आजूबाजूला बघतात. आमचा कोंबडा हे रोज करतो. त्याचे निम्मे इशारे विमानांसाठी असतात, हा भाग वेगळा.

म्हणून मला वाटतं, ‘भीतीपासून मुक्तता’ या शब्दांचा अर्थ जरा सावकाश लावायला हवा. धोका दिसणं ही एक गोष्ट आहे. धोका दिसला आणि काहीच करता आलं नाही, ही दुसरी. मोकळ्या कोंबडीला घार दिसते, तेव्हा तिच्याकडे उत्तर असतं: करवंदीची जाळी, उभी केलेली हातगाडी, शेवग्याच्या बुंध्याजवळचा पत्रा. पिंजऱ्यातल्या कोंबडीजवळून कुत्रं गेलं तरी ती घाबरते. पण तिच्या भीतीला पळायला जागा नसते. अंड्यांच्या उद्योगातल्या पारंपरिक बॅटरी पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. मुंगूस तिथे पोहोचत नाही, हे खरं. पण तिथे सुरक्षित काय राहतं, हे विचारायला हवं. जीव राहतो. ज्यासाठी तो जीव घडला, ते सगळं बाहेर राहतं. युरोपीय संघानं असे साधे पिंजरे २०१२पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगानं २०१७च्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या पालनातल्या क्रूरतेचा प्रश्न मांडला.

शिवाय कोंडलेलं सुरक्षितच असतं असंही नाही. भारतात बर्ड फ्लूची पहिली मोठी लागण झाली ती फेब्रुवारी २००६मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या व्यावसायिक पोल्ट्र्यांमध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. उघड्यावर मृत्यू एकेकटा येतो. कोंडल्यावर तो एकाच वेळी सगळ्यांसाठी येऊ शकतो. पिंजरा धोका नाहीसा करत नाही. एका प्रकारचा धोका घेतो आणि दुसऱ्या प्रकारचा देतो.

इथवर माझी बाजू. आता आज्जीची.

गेल्या पावसाळ्यात मुंगसानं एक तलंग नेली. अंड्यावर यायला आठवडा-दोन आठवडे उरले असतील. आज्जीनं त्या दिवशी डालगं काढलं आणि उरलेल्या सगळ्या झाकून ठेवल्या. मी म्हटलं, “आज्जी, दिवसभर डालग्याखाली? त्यांना उकरायचं असतं गं.” ती म्हणाली, “आधी जगू दे तिला, मग हिंडू दे. मेलेली कोंबडी कुठं उकरती?”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या भल्याभल्यांना तो छळत आला आहे. जगणं ही बाकी सगळ्याची पूर्वअट आहे. जीव गेला तर पाचव्या कलमाचं करायचं काय? आणि मोकळेपणाच्या गोष्टी करणारी मी. तलंग गेली ती माझ्या तत्त्वासाठी. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पण या युक्तिवादाला थांबा नाही, ही त्याची अडचण. ‘आधी जगू दे’ असं एकदा म्हटलं की ‘मग हिंडू दे’ची वेळ कधीच येत नाही, कारण मुंगूस उद्याही असतो आणि परवाही. तात्पुरतं ठेवलेलं डालगं कायमचं होतं. आणि त्यात एक सोय दडलेली असते: डालगं टाकलं की बाकी कुणालाच काही करावं लागत नाही. ना मला, ना आज्जीला. किंमत भरते ती फक्त डालग्याखालची.

दुसरा मार्ग म्हणजे किंमत शिकाऱ्याकडून वसूल करणं. सापळा लावा, विष टाका, मुंगूस संपवा. एक तर ते बेकायदेशीर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुंगसाला संरक्षण देतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा मार्ग चालत नाही. रिकामी झालेली हद्द दुसरा मुंगूस घेतो. याचा मोठा धडा आमच्या शेजारच्या जुन्नरनं दिला आहे. २००१ ते २००३च्या दरम्यान तिथे बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा दिसलं की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. शिकाऱ्याला उचलून नेणं हा उपाय दिसतो, पण तो धोक्याची घडी विस्कटतो. आणि नैतिक प्रश्न उरतोच: मुंगसानं केलं काय? त्यानं भूक भागवली. त्याची भूक मला न परवडणारी आहे, पण ती चूक नाही.

इथे मला शिबी राजाची गोष्ट आठवते. लहानपणी ती दानशूरपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, मागोमाग ससाणा येतो. राजा म्हणतो, शरण आलेल्याला मी देणार नाही. इथे गोष्ट संपली असती तर ती साधी झाली असती. पण ससाणा वाद घालतो: हे माझं अन्न आहे, तू याला वाचवतोस तेव्हा मला आणि माझ्या पिलांना उपाशी मारतोस, हा कुठला धर्म? राजाकडे याचं उत्तर नसतं. तो ससाण्याला हाकलत नाही, कबुतराला कोंडतही नाही. तो तराजू मागवतो आणि दुसऱ्या पारड्यात स्वतःचं मांस घालतो.

मला या गोष्टीतला त्याग फार मोठा वाटतो, पण तिच्यातला हिशेब अचूक वाटतो. ज्याला वाचवायचं आहे त्यानं किंमत भरू नये. ज्याला भूक लागली आहे त्यानंही नाही. जो म्हणतो ‘मी वाचवतो’, त्यानं भरावी.

आपल्याला मांस कापून द्यायची गरज नाही. जाळी पुरते. पण ती नीट बघून घ्यावी लागते. षटकोनी भोकांची पातळ जाळी ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवायला ती कमी पडते. त्यासाठी बारीक चौकोनांची वेल्डमेश लागते, आणि ती फूटभर जमिनीत गाडावी लागते किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून दगड ठेवावे लागतात, कारण घूस आणि कुत्रं खालून उकरतात. कंपन्यांतून निघालेल्या लाकडी पॅलेटचं खुराडं छान होतं, पण दोन फळ्यांमधली फट मुंगसाला पुरते, म्हणून आतून जाळी मारावी लागते. अंगणात ठिकठिकाणी आडोसा लागतो, म्हणजे घार दिसली की पाच-सहा पावलांत लपता येईल. पिल्लं असतील तर काही आठवडे वरूनही जाळी हवी. आणि सावध कोंबडा हवा. तो आपण झोपेत असताना आरवतो, हे सहन करावं लागतं.

यातली खरी महाग गोष्ट जाळी नाही, संध्याकाळ आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला ती आपणहून खुराड्यात शिरते. तिला हाकावं लागत नाही. फक्त शेवटची आत गेली की कुणीतरी दार लावायचं असतं, आणि उजाडल्यावर उघडायचं असतं. रोज. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट बदलत राहते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी घरी येते तेव्हा मध्यरात्र झालेली असते. त्या आठवड्यात दार आज्जी लावते, गुडघ्यावर हात ठेवून परसात उतरते. कधी शेजारच्या काकू लावतात, मग त्यांच्याकडे अंडी जातात. तलंग गेल्यानंतर तीन दिवसांनी आज्जीनं डालगं उचललं ते याच वाटाघाटीवर: गवत मी कापायचं, जाळी मी गाडायची, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुठेही जायचं नाही. कोंबड्यांना दिवस मिळाला, त्याच्या बदल्यात माझ्या रविवारच्या संध्याकाळी गेल्या. व्यवहार मला रास्त वाटतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वाचणाऱ्याच्या मनात कधीच आला असणार. तुम्ही ती कोंबडी शेवटी खाता. मग मुंगसात आणि तुमच्यात फरक काय? रस्सा भुरकणाऱ्यानं शिबीचं नाव घ्यावं का?

आम्ही खातो. रोज नाही, पण खातो. म्हणून मी या संरक्षणाला दया म्हणत नाही. त्यात माझा स्वार्थ आहे. माझी अंडी मुंगसानं खाऊ नयेत, असंही मला वाटतं. पण स्वार्थ असला म्हणून देणं संपत नाही, उलट वाढतं. भीमाशंकरचा रानकोंबडा रात्री झाडावर बसतो आणि स्वतःची काळजी घेतो. त्याची मादी एका विणीत मोजकी अंडी घालते. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून अशी कोंबडी घडवली जी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, आणि अशीही घडवली जी स्वतःच्या वजनानं धड उडू शकत नाही. पळायची साधनं आपण काढून घेतली. ज्यानं पंख जड केले, त्यानं आडोसा द्यायला हवा. शेवटी मी तिला खाणार आहे, यातून एवढंच निघतं की शेवटाच्या आधीचे तिचे सगळे दिवस माझ्या जबाबदारीवर आहेत. मुंगसावर अशी जबाबदारी नाही, आणि हाच आमच्यातला फरक.

हा हिशेब एकदा दिसला की तो परसाबाहेरही दिसू लागतो. इथे जपून बोलायला हवं, कारण माणसं कोंबड्या नाहीत. पण सुरक्षेच्या नावाखाली डालगं कुणावर पडतं, हे बघण्यासारखं आहे. कारखाने कायदा, १९४८ याच्या कलम ६६नं बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला मनाई केली होती. त्यात राज्यांना काही सवलत देता येत होती. हेतू संरक्षणाचाच होता. पण किंमत कुणी भरली? रात्रपाळीचा भत्ता, बढती, हव्या त्या खात्यात काम करण्याची संधी, हे सगळं जिचं रक्षण करायचं तिच्याच खात्यातून गेलं. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेनं मांडणी बदलली: बाईची संमती असेल तर रात्री काम करता येईल, मात्र सुरक्षेची व्यवस्था मालकानं करायची. कागदावर तरी किंमत वाचवणाऱ्याकडे सरकली. प्रत्यक्षात बस दारापर्यंत येते की हायवेच्या नाक्यावर सोडते, यावर त्या कागदाची परीक्षा होते.

आणि इथे कोंबडीचं उदाहरण संपतं, त्याहून कडक काहीतरी सुरू होतं. मुंगसाला दोष देता येत नाही. रस्त्यात अडवणाऱ्या माणसाला देता येतो, द्यायलाच हवा. त्याला निवड असते. निर्दोष शिकाऱ्यापासून वाचवतानासुद्धा किंमत भक्ष्यावर टाकणं मला पटत नसेल, तर गुन्हेगारापासून वाचवताना ती मुलीवर टाकणं कसं पटावं? तरी वाकड-हिंजवडीपासून चाकणपर्यंत मुलींच्या किती पीजींचं गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. उशीर झालेली मुलगी बाहेर राहते. गेट सुरक्षेसाठी आहे आणि ती गेटाच्या असुरक्षित बाजूला उभी आहे.

रायगडाचा दरवाजाही सूर्यास्ताला बंद व्हायचा, म्हणून दूध विकायला आलेली हिरकणी कडा उतरून आपल्या बाळाकडे गेली, असं आपण सांगत आलो आहोत. तिच्या धाडसाचं कौतुक पिढ्यान् पिढ्या झालं. दरवाज्याच्या वेळेबद्दल आपण क्वचितच बोललो.

दार लागण्याला माझा विरोध नाही. आमच्या खुराड्याचंही लागतं, आणि दोन कड्यांनी लागतं. पण ते घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला लागत नाही. पावसाळ्यात लवकर, उन्हाळ्यात उशिरा, शेवटची कोंबडी आत गेल्यावर लागतं. खुडूक झालेली एखादी बाहेर राहिली असेल तर टॉर्च घेऊन तिला शोधावं लागतं. कोंबडीची वेळ आधी, लावणाऱ्याची नंतर. बंद दार आणि डालगं यांत मला दिसलेला फरक एवढाच.

एवढं करूनही एखादी जाईल. मुंगूस हुशार आहे, शिक्रा वेगवान आहे, माणूस दमतो. शून्य धोक्याचं अंगण नसतं. शून्य धोका हवा असेल तर पुन्हा ए-फोर कागदापाशी यावं लागतं. त्या जोखमीची जबाबदारी माझी आहे, आणि पुढची कोंबडी गेली की आज्जी पुन्हा डालगं काढेल, हेही मला माहीत आहे. तेव्हा तिला पटवायला माझ्याकडे तत्त्व पुरणार नाही. आणखी कुठे जाळी गाडली, कुठलं गवत कापलं, कुठली संध्याकाळ दिली, हे दाखवावं लागेल. ते दाखवता आलं नाही, तर डालगं टाकण्याचा तिचा हक्क मी मान्य करेन.